गुढीची निळी वायर आणि एक्केचाळीस नंबर

अशा गूढ अनुभवांच्या सदरात मी कधी लिहीन असं वाटलं नव्हतं. मी शाळेत विज्ञान शिकवायचो. अमक्या झाडावर हडळ आहे असं कुणी म्हणालं, की मुलांना घेऊन भर दुपारी त्याच झाडाखाली डबा खायला जायचो. पुढचं वाचून माझे जुने विद्यार्थी हसतील... हसू देत. जे झालं ते सांगतो.

बीडहून लिंबागणेशकडे जाताना रस्त्याला लागूनच आमच्या गावची दूध सोसायटी आहे. दोन खोल्या, वर पत्रे, दारात चिंच. त्या वर्षी पाऊस झालाच नव्हता आणि सोसायटीनं मागच्या माळावर जनावरांची छावणी चालवली होती. रोज दुपारी बाराच्या आत हजर जनावरांची यादी, कानातल्या बिल्ल्यांच्या नंबरांसकट, तालुक्याला पाठवावी लागे. यादी गेली नाही तर दुसऱ्या दिवशी पाण्याचा टँकर नाही आणि चाराही नाही.

हे काम माझा धाकटा भाऊ दिगंबर बघायचा. आमचा दिगू. यादीचा प्रोग्राम फक्त जुन्या विंडोजवर चाले, म्हणून त्यानं ऑफिसातल्या एका दणकट मशीनच्या पोटात तीन व्हर्च्युअल मशीनं केली होती — खोकं एक, आत संसार तीन. त्यांना नावं घरच्या म्हशींची: चंद्री, मोरी, ढवळी. छावणीची यादी चंद्रीवर असे.

मला त्यानं यातलं एवढंच शिकवलं होतं, की पिंग म्हणजे दुसऱ्या मशीनला हाक मारणं. ते जागं असेल तर ओ देतं. स्वतः लॅपटॉप घेऊन छावणीत बसायचा आणि तिथून ओरडायचा, "दादा, एक्केचाळीसला पिंग कर. मी हाय का बघ!" एक्केचाळीस हा त्याच्या लॅपटॉपचा नंबर.

माघात दिगू गेला. सकाळी बोलत होता, दुपारी नव्हता. त्याची वही घेऊन मी ऑफिसात बसू लागलो. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं आणि घरात बसवत नव्हतं.

पाडव्याला आमच्या घरी गुढी नव्हती. सोसायटीच्या दारात मात्र चेअरमन आण्णांनी उभी केली होती. खिडकीच्या गजाला बांधलेली, कडुलिंब, साखरेची गाठी, वर तांब्या. मी साडेदहाला पोचलो तर संगीता — आमची क्लार्क — डोक्याला हात लावून बसलेली.

"सर, चंद्री रुसली. यादी जाईनाच."

"नेट आहे का?"

"हाय की! आण्णांनी आत्ताच मोठ्या मशीनवर भविष्य वाचलं."

आण्णा दारातून म्हणाले, "चांगलं हाय ह्या वर्षी. प्रवासाचा योग हाय."

मी दिगूची वही उघडली. त्याच्या तिरप्या अक्षरात लिहिलं होतं — आधी स्वतःला हाक मार, मग घरातल्यांना, मग दाराला, मग जगाला. चंद्रीवर बसून तसंच केलं. स्वतःला... ओ आली. मोरीला, ढवळीला... आली. राउटरला, म्हणजे वहीतल्या दाराला, हाक मारली तर काही नाही. म्हणजे तिघी आपसात बोलत होत्या, पण उंबऱ्याबाहेर त्यांचा आवाज जात नव्हता. चंद्री बंद करून चालू केली. सेटिंग वहीशी ताडून पाहिली, एकेक आकडा. सगळं बरोबर होतं. सव्वाअकरा झाले. मागे माळावर जनावरं हंबरत होती. आधीच त्या दिवशीचा टँकर उशिरा आला होता.

मग हातानं जे केलं ते मी ठरवून केलं नव्हतं. सवयीनं एक्केचाळीस टाइप केलं आणि एंटर दाबलं.

ओ आली. एकामागून एक चार ओळी, चारी उत्तरं.

"सर, लागलं की!" संगीता खुर्चीतून उठलीच. "आता कसं लागलं?"

राउटरला पुन्हा हाक मारली. काही नाही. एक्केचाळीसला मारली, पुन्हा चार उत्तरं. मी घरी मंदाला फोन लावला. मंदा म्हणजे दिगूची बायको.

"मंदा, दिगूचा लॅपटॉप कुणी ऑफिसात आणलाय का?"

"न्हाई दादा. कपाटातच हाय. त्याची बॅटरी फुगली म्हणून तुमीच काढून ठिवली नव्हं का?"

खरंच, मीच काढली होती. तरी वाटलं, काहीतरी या मशीनला जोडलेलं असणार, त्याशिवाय उत्तर येईल कसं? म्हणून उठलो, टेबल ओढलं आणि मागे वाकून पाहिलं. लॅपटॉप नव्हता. पण वायरीची दोन भोकं होती. एकात पिवळी वायर; दुसरं, ज्यात कायम निळी असायची ते, रिकामं आणि त्याच्यावर ताजं हळदीकुंकू.

"संगीता, इथली निळी वायर कुठाय?"

तिनं हळूच दाराकडे बघितलं. मीही बघितलं. गुढी निळ्या वायरीनं बांधलेली होती. तीन वेढे आणि निरगाठ.

"आण्णा!"

"मग काय करू गुरुजी? सुतळी समदी छावणीच्या जाळीला गेली. म्हटलं दोन वायरी कावून लागत्यात? एक काढून बघितली, नेट चालूच व्हतं की!"

पिवळी मोठ्या मशीनची होती आणि निळी आतल्या तिघींची. दिगूनं दोन्ही वाटा वेगळ्या ठेवल्या होत्या.

"सोडा ती," मी म्हणालो.

"आन गुढी? दिवस मावळायच्या आत उतरवू व्हय? समदं गाव मला शिव्या घालंल!"

"मग धरून उभे राहा," संगीता म्हणाली. "टँकर न्हाई आला तर मग म्हशी बी शिव्या घालतील."

आण्णा भरल्या अंगाचे, पांढरे कपडे, टोपी. पाडव्याच्या उन्हात दोन्ही हातांनी गुढी कवटाळून उभे राहिले. येणारे-जाणारे थांबून नमस्कार करत होते, आता गुढीला की त्यांना, कळत नव्हतं. "गेली का गं यादी?" ते दर मिनिटाला विचारत. "खांदा आवघडला की!"

निळी वायर बसवली. राउटर बोलला, तालुका बोलला. बाराला दहा कमी असताना यादी गेली. छावणीतून कुणीतरी चंद्रीचं — खऱ्या चंद्रीचं — दावं सोडून आणलं, त्यानं गुढी बांधली आणि आण्णा सुटले. मोकळी झालेली चंद्री तोवर खाली लोंबणाऱ्या कडुलिंबापर्यंत पोचली होती. माघानंतर मी पहिल्यांदाच हसलो. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.

मग एक्केचाळीसला पुन्हा हाक मारली. वायर जागेवर, सगळं चालू... आणि उत्तर नाही.

माझा पुण्यातला इंजिनियर भाचा म्हणतो, आतल्याच एखाद्या मशीनचा तो नंबर असेल. नव्हता, तिघींचे नंबर एकवीस, बावीस, तेवीस, मी दोनदा तपासले. तो म्हणतो वायर थोडीशी लागलेली असेल. ती तर दारात कडुलिंबाला टेकलेली होती, सकाळपासून निम्म्या गावानं पाहिलेली. शेवटी तो म्हणतो, "मामा, मग मला माहीत नाही." मलाही माहीत नाही. आजवर कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी टँकर वेळेवर आला. आता दर पाडव्याला सोसायटीची गुढी म्हशीच्या दाव्यानंच बांधतात, तशी पद्धतच पडली आहे. आणि मी चंद्रीवर बसून एकदा एक्केचाळीस टाइप करतो. तोच म्हणायचा ना, मी हाय का बघ. चारी ओळी रिकाम्या येईपर्यंत थांबतो, मग संगीता चहा आणते.