नमस्कार पिस्तुलाला

आर्डिथ प्रुइटनं एकतीस वर्षं आमच्या कॅडवेल गावची शाळेची बस चालवली. पोरांनी ओकलेलं, मुतलेलं, सीटखाली दडवलेले मेलेले बेडूक, सगळं तिनं उघड्या हातांनी निपटलं. किळस कशाला म्हणतात ते बाईला ठाऊक नव्हतं. किळस आली ती साठी उलटल्यावर, आणि तीही माणसांची. तिच्या नवऱ्याशी, रॉयसशी, हसत बोलायला येणाऱ्या परक्या माणसांची.

रॉयसच्या कमरेला पिस्तूल असायचं. त्यात नवल काही नाही. आमच्या डोंगरात निम्मे बाप्ये कमरेला लावूनच फिरतात. मी बावीस वर्षं इथल्या खानावळीत कॉफी ओततेय, काही गिऱ्हाइकं मला तोंडापेक्षा कमरेवरूनच लवकर ओळखू येतात. आणि रस्त्यानं जाणारा कुणी परका, हरणाच्या शिकारीला आलेला, पिस्तूल दिसलं की गुळाला मुंगळा यावा तसा टेबलाशी येतो.

“काका, पंचेचाळीस बोअरचं का हो?”

“व्हय.”

“जुनं दिसतंय.”

“बापाचं.”

“वा! तुमच्यासारखे उघड लावून बसतात, म्हणून आमच्या बायका निर्धास्त जेवतात बघा.”

असं म्हणून तो रॉयसचा हात दोन्ही हातांत धरून हलवणार. त्या रॉयसच्या एका पायात बूट, दुसऱ्यात बायकोची सपात. शर्टाची बटणं वरखाली, दाढीत सकाळची ग्रेव्ही वाळलेली. दोन वर्षांपासून म्हाताऱ्याचं डोकं विरत चाललं होतं. पण येणाऱ्याची नजर कमरेच्या वर चढेल तर ना! आर्डिथ शेजारी बसून रुमालानं त्याची हनुवटी पुसायची, आणि तो परका तिला म्हणायचा, “भाग्यवान आहात हो, ताई.”

ती ताई एके दिवशी स्वतःच्याच स्वयंपाकघरात भिंतीला पाठ लावून उभी राहिली होती. रॉयस दारात आला, तिच्याकडं बघितलं आणि विचारलं, “कोण गं तू? माझ्या घरात काय करतीस?” हात पिस्तुलाच्या मुठीवर. पाचेक मिनिटं ती हलली नाही. मग तो विसरला आणि लोणी मागू लागला.

तिनं पिस्तूल पिठाच्या डब्यात लपवलं. रॉयसनं पोलिसांना फोन लावून सांगितलं, घरात चोरटी बाई शिरलीय. शेरीफचा डेप्युटी कोल्बी आला आणि त्यानंच ते पिठातून काढून, झटकून, म्हाताऱ्याच्या हातात दिलं.

“कोल्बी, अरे तो मला ओळखत नाही!”

“काकू, वस्तू त्यांची आहे. कोर्टाचा कागद आणा. नाहीतर त्यांनी आपल्या हातानं कुणाला दिलं तर प्रश्नच मिटला. भेट द्यायला आपल्याकडं कसला कागद लागत नाही.”

“तू पहिलीत बसमध्ये रोज ओकायचास. तेव्हा बरा होतास.”

गाडीची किल्ली मात्र सगळ्यांनी मिळून काढून घेतली होती. डॉक्टरनं लिहून दिलं, कोल्बीनं परवाना नेला. खाद्य-पेंडीच्या दुकानाचा डब हेनी तर म्हणाला, “आता तो एखाद्याला उडवायचा, वहिनी.” हाच डब पिस्तुलाचं नाव काढताच म्हणाला, “छे छे, मर्दाच्या कमरेचं कसं काढायचं?”

मग तिनं परक्यांना धरलं. रॉयसचा हात हलवून जो निघेल त्याच्यामागं ती बाहेर जायची. आमच्याकडं एक रीत आहे. कुणी अदबीनं “बघू का जरा?” म्हटलं की मालकानं पिस्तूल उपसायचं, नळी जमिनीकडं करायची, आधी गोळ्यांचं मॅगझिन काढायचं, मग वरची पट्टी ओढून आतली गोळी बाहेर पाडायची, आत डोकावून बघायचं आणि मूठ पुढं करून द्यायचं. नाही म्हणणं म्हणजे उद्धटपणा. बायकोचं नाव विसरलेल्या रॉयसच्या हातांना ही रीत पाठ होती. आर्डिथ म्हणायची, “मागून घ्या आणि ते घेऊन तसेच निघून जा. पाया पडते.” एकानं तिला पुरुषाचा मान राखायला शिकवलं. दुसरा खो-खो हसला. तिसरा गाडीत बसता बसता म्हणाला, “हक्क आहे हो त्यांचा.”

ऑक्टोबरातल्या एका रविवारी, चर्च सुटल्यावर, खानावळ गच्च भरली होती. सेंट लुईसहून जंगलातली रंगीत पानं बघायला आलेली एक बाई कोपऱ्यातून उठली आणि सरळ रॉयससमोर येऊन उभी राहिली. मायरा झेलर नाव, हे मागून कळलं.

“आजोबा, लोक जेवतायत इथं. हे कशाला आणलंत?” तिनं कमरेकडं बोट दाखवलं.

“शहरातलं पाखरू आलंय बघा,” डब शेजारच्या टेबलावरून म्हणाला. “बाई, भीती वाटत असेल तर गाडीत बसून खा.”

रॉयसला काय उमगलं देव जाणे. बाई बोट दाखवतेय, म्हणजे बघायला मागतेय. तो अदबीनं उठला, पिस्तूल उपसलं, पट्टी ओढून सोडली. एक गोळी टुणकन टेबलावर पडली. मग मॅगझिन काढलं आणि मूठ पुढं केली. बाईनं गोंधळून ते घेतलं, मेलेल्या उंदरासारखं. बोट नको तिथं, चापावर, नळी डबच्या पोटाकडं.

सगळे खिदळले. डबनं पोट पुढं काढलं. “मारा मारा, रिकामं आहे ते!”

आर्डिथनं झडप घालून बाईचं मनगट पिळलं आणि नळी जमिनीकडं केली. “उलटं केलंय त्यानं! आधी पट्टी ओढली, मग मॅगझिन काढलं!” तिनं पट्टी खसकन ओढली. रॉयसनं पट्टी सोडताना मॅगझिनमधून आत चढलेली दुसरी गोळी बाहेर उसळली आणि डबच्या बशीत, ग्रेव्हीत पडली.

डबनं गोळी चमच्यानं काढली, जिभेनं चाटून साफ केली. साफ केली, माझ्या डोळ्यांदेखत! आणि म्हणाला, “चला, झालं गेलं. देऊन टाका रॉयसला, बिचारा चाचपडतोय.”

कोल्बी काउंटरवर पाई खात होता. आर्डिथ तिकडं वळली.

“कोल्बी, त्यानं हे कुणाला दिलं?”

“त्या बाईंना.”

“आपल्या हातानं?”

“काकू, बघायला दिलं ते...”

“तू त्याच्या डोक्यात शिरून आलास? मला कागद मागितलास ना? आता तू दाखव कागद, बघायला दिल्याचा.” मग ती मायराला म्हणाली, “बाई, तुमची भेट आहे. घेऊन जा इथून.”

“मला नको हो असलं काही!”

“मलाही नको. पण तुम्ही आज तुमच्या घरी झोपणार आहात. मला याच्याजवळ झोपायचंय.”

मायरानं रॉयसकडं पाहिलं. कमरेकडं नव्हे, पायातल्या सपातेकडं, दाढीकडं. मी पाईचा पुठ्ठ्याचा खोका पुढं केला. त्यात पिस्तूल घालून, दोरी बांधून ती गेली. कोल्बीनं पाई संपवली. दुसरं काही करणं त्याच्या अंगवळणी नव्हतं.

त्यानंतर रॉयसशी बोलायला एकही परका आला नाही. चार दिवस मी मोजले.

पाचव्या दिवशी संध्याकाळी डब हेनी आर्डिथच्या ओसरीवर हजर झाला. हातात त्याचं स्वतःचं, तेल लावून चकचकीत केलेलं पिस्तूल. मी तिथंच वाटाणे सोलत बसले होते.

“रॉयसला वापरायला आणलंय. त्याची रिकामी कंबर बघवत नाही, वहिनी.”

आर्डिथनं त्याला खुर्ची दिली, कॉफी दिली. “बांध त्याच्या कमरेला. तुझी गादी त्याच्या खोलीत घालते. रोज रात्री इथंच झोपायचं, त्याच्या शेजारी. तो जागा होऊन ‘कोण तू’ म्हणाला की काय सांगायचं, ते तुझं तू बघ.”

“वहिनी, चेष्टा करताय का?”

“गादी आणू?”

डबनं कॉफी मात्र शेवटच्या घोटापर्यंत प्यायली. मग पिस्तूल काखेत मारून उठला आणि पायरीवर बसलेल्या रॉयसला “येतो रे दोस्ता” म्हणत, त्याच्यापासून चांगला चार हात लांबून, गाडीकडं गेला.