एका ट्यूबमधला संसार

आमच्या औषधांच्या दुकानात काउंटरवर ज्या बाई उभ्या असतात, त्यांना मी बारीकबाई म्हणतो. अंगाने त्या मुळीच बारीक नाहीत. कपाट आणि काउंटर यांच्या फटीत आम्ही समोरासमोर आलो की एकाला मागे सरावंच लागतं, आणि मालक असूनही तो मीच असतो. नाव पडलं ते वाचनामुळे. औषधाच्या खोक्यात मुंगीएवढ्या अक्षरांचा जो कागद घडी करून कोंबलेला असतो, तो जगात फक्त त्याच वाचतात. दुपारी गिऱ्हाईक नसलं की चष्मा कपाळावर, कागद नाकाशी. मी तेवढ्या वेळात कोणाच्या सुनेने कसल्या गोळ्या नेल्या यावरून त्या घरातलं भांडण जुळवत बसतो. दुकान माझं असल्यामुळे याला अनुभव म्हणतात.

मुरमांवरची एक ट्यूब आमच्याकडे खपायची. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न मिळणारी. गुण उत्तम, पण किंमत ऐकून गिऱ्हाईक माझ्याकडे असं बघायचं की जणू मीच ती पिळून काढली. कारण पेटंट. ज्याने औषध शोधलं त्यानेच काही वर्षं ते विकायचं. मुदत संपली की बाकीचे कारखाने तेच औषध काढतात, त्याला जेनेरिक म्हणतात, आणि भाव दाणकन खाली येतो.

एके दिवशी धंद्याच्या मासिकात मी वाचलं, की त्या औषधाचं पेटंट पुढच्या महिन्यात संपतंय. अर्धंच वाचलं, बाकीचं पुढच्या पानावर होतं आणि पान उलटायचे कष्ट कोण घेणार! अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालो आणि स्वतःच्या हाताने पाटी लिहून दारात लावली : ‘मुरमांची ट्यूब लवकरच स्वस्त. थोडं थांबा.’

बारीकबाई पाटीकडे बघत म्हणाल्या, “मालक, कुठल्या पेटंटची मुदत संपतेय?”

“पेटंटची म्हणजे पेटंटची. एका ट्यूबला किती असणार?”

“खोक्यावर तीन नंबर छापलेत.”

“बाई, तुम्ही नंबर वाचा. धंदा मी बघतो.”

बघितला. त्यांची भाची त्यांच्याकडेच राहायची, मास्तरणीचं शिक्षण नुकतंच संपलेलं. तीन महिन्यांनी शाळा उघडली की पहिलीच्या वर्गावर उभी राहणार होती. पहिलीची पोरं तोंडावर बोलतात, याचीच तिला धास्ती. दोन ट्यूबांनी चेहरा नुकता निवळायला लागला होता. तिसरी न्यायला ती आली, तेव्हा मावशी जेवायला गेलेली.

“अगं, कशाला एवढे पैसे घालवतेस? तीन आठवडे थांब. आणि मावशीला सांगू नकोस, तिला चकित करू.”

पोरगी थांबली. माझ्यासारख्या पांढऱ्या केसांच्या माणसाचं कोण ऐकणार नाही!

तीन आठवडे झाले. चार झाले. स्वस्त ट्यूब येईना. ठोक विक्रेत्याला फोन केला तर तो पोट धरून हसला. “काका, त्या ट्यूबमध्ये दोन औषधं आहेत. मोकळं झालं ते त्यातलं एक. दोघांना एका ट्यूबमध्ये गुण्यागोविंदाने नांदवायची जी युक्ती आहे, तिचं पेटंट वेगळं. त्याला अजून सहा वर्षं आहेत.”

मी फोन ठेवला आणि मागे वळलो, तर काउंटरपलीकडे मावशी-भाची उभ्या. भाचीने तोंडावरचा मास्क खाली केला. डाव्या गालावर टणक, लालबुंद गाठी.

“हिला थांब म्हणून तुम्ही सांगितलंत?” बारीकबाईंनी विचारलं.

मी होकाराची मान डोलावली. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. चिडलेल्या माणसाला मी बोलण्यात गुंडाळतो. त्यांनी खोकं फोडून कागद काढला आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

“ही दोन्ही औषधं सुटी मिळतात. एकाची मुदत कधीच संपलीय, दुसऱ्याची आत्ता. महाग पडतो तो दोघांचा संसार.”

“मग आपण दोन्ही आणून कालवू या की!” मी उत्साहाने म्हणालो.

“मालक, ती कणीक नाही. मी डॉक्टरांना विचारते. तुम्ही तोवर कशालाही हात लावू नका.”

डॉक्टरांनी गाल तपासला आणि नवी चिठ्ठी दिली : एक ट्यूब सकाळी, दुसरी रात्री, दोन वेगळी बिऱ्हाडं. किंमत दोन्हींची मिळून जुनीच्या पावपटही नाही. आणि ऐका गंमत, त्यातली एक माझ्याच दुकानात, खालच्या फळीवर, पंधरा वर्षं विकायला असलेली. दर महिन्याला तिच्यावरची धूळ मीच झटकायचो.

पण औषधाला आठवडे लागतात, आणि जे आठवडे मी खाल्ले ते परत येत नाहीत. शाळेच्या पहिल्या दिवशी भाची दुकानात आली तेव्हा चेहरा स्वच्छ होता, फक्त डाव्या गालावर दोन खड्डे.

“छान दिसतेस गं,” मी म्हणालो.

“हे दोन तुमचे हं, आजोबा,” ती हसत म्हणाली.

“हसू नकोस,” बारीकबाई म्हणाल्या. “त्यांचेच आहेत.”

आठवड्याभरात वर्गातल्या एकाने विचारलंच, बाई, गालाला काय झालं? तिने घाबरून तोंड नाही लपवलं. पोरांना सगळी गोष्ट सांगितली, पाटीसकट. जन्मभर मी लोकांच्या घरातल्या गोष्टी पसरवल्या. माझी पसरवायला तिला एक तास पुरला.

परवा एक चिमुरडी आईचा हात धरून दुकानात आली. मला खालपासून वरपर्यंत न्याहाळून म्हणाली, “थांबा म्हणणारे आजोबा तुम्हीच का?”

खोटं बोलायची सोय नव्हती. बारीकबाई शेजारीच उभ्या होत्या.

“मीच,” म्हटलं.