रद्द करण्याचं कारण : इतर

ऑनलाइन लिलावात विकलेली वस्तू रद्द करायची असली, की साइट आधी कारण विचारते. कारणंही तिनंच लिहून ठेवलेली असतात. वस्तू उपलब्ध नाही, पत्ता अपुरा, खरेदीदाराची विनंती, इतर. आपण फक्त बोट ठेवायचं. खरं कारण या चौघांत कधीच बसत नाही. मी आपली 'इतर'वर बोट ठेवते आणि खरं कारण माझ्याकडेच राहतं. सहा वर्षांत अशी कारणं इतकी साठलीत, की सांगायला लागले तर घरी जेवायला आलेले पाहुणे ताटावरून उठायला मागत नाहीत.

आधी आमची माणसं सांगते. डहाणूत स्टेशनपासून पाच मिनिटांवर दिनेशकाकांचं जुन्या वस्तूंचं दुकान आहे. बोर्डीकडचे जुने बंगले रिकामे होतात, तिथून पितळ, पेट्या, रेडिओ असं बरंच काही येतं. काका मूळचे गुजराती. 'मराठी माझी मावशी,' असं म्हणतात आणि मावशीकडे घ्यावी तेवढी मोकळीक मराठीत घेतात. सुनंदा रोज झरीहून बसनं येते आणि पॅकिंग करते. मी वसुधा. नवरा रेल्वेत, मी या दुकानात. फोटो टाकणं आणि तक्रारींना उत्तरं देणं हे माझं काम. काका माझी ओळख 'हे आमचं भांडण खातं' अशीच करून देतात.

* * *

एकदा आम्ही पाच जुने अडकित्ते लिलावात लावले. पाचही एकाच माणसानं जिंकले. आम्ही खूश. पण आठवडा झाला तरी त्याच्याकडून पैसे नाहीत, उत्तर नाही. शेवटी फोन लावला. नाशिकचे एक रिटायर्ड हेडमास्तर निघाले.

'मी काहीही विकत घेतलेलं नाही,' ते म्हणाले. 'मी फक्त बघत होतो.'

'सर, तुम्ही बोली लावलीय. पाच वेळा.'

'चित्राखाली बटण होतं. मला वाटलं, दाबलं की मोठं दिसतं.'

'मग दिसलं का मोठं?'

'नाही ना. म्हणून पुढचं दाबलं.'

घरात कोणी सुपारी खात नव्हतं. मास्तरांना तर दातही नव्हते. मी म्हटलं, काळजी करू नका, मी रद्द करते, तुम्हाला फक्त 'मान्य' हे बटण दाबायचंय.

मग मास्तर म्हणाले, 'बाई, बटणापायीच हे सगळं झालं. आता मी कुठलंही बटण दाबणार नाही.'

चार दिवस मी समजावत होते. पाचव्या दिवशी त्यांच्या मिसेसनी फोन हातात घेतला आणि पाच वेळा 'मान्य' दाबून टाकलं. वर मला म्हणाल्या, 'यांना परत काही दाखवू नका हो. कालपासून लिफ्ट सोडून चार मजले जिन्यानं चढतायत.'

* * *

ही चूक मात्र माझी. दुकानात एक मोठं जुनं पातेलं आलं होतं. ॲल्युमिनियमचं. आता आपल्याकडे ॲल्युमिनियमच्या भांड्याला आजही जर्मनचं भांडं म्हणतात. माझी आई म्हणायची, सासूबाई म्हणतात, मीही म्हणते. इंग्रजीत माहिती भरताना मी सवयीनं 'जुनं जर्मन पातेलं' असं लिहून गेले.

बोली चढत गेली. काका हरखले. बेंगळुरूच्या एका संग्राहकानं ते घेतलं आणि चौथ्या दिवशी तक्रार आली, की यावर जर्मन कंपनीचा शिक्का कुठे आहे?

मी साइटच्या मदत केंद्राला फोन केला. तिकडून एक हिंदी बोलणारा मुलगा. मी त्याला सांगितलं, की आमच्या भाषेत जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, 'जी मॅडम, समझ गया. लेकिन जर्मनी में कौन-सी जगह का बना हुआ है? फॉर्म में भरना पड़ेगा.'

मी काही बोलायच्या आत मागून काका म्हणाले, 'लिहा, वापी.'

पैसे परत केले. पातेलं परत आलं. सुनंदा आता त्यात पॅकिंगची खळ शिजवते.

* * *

रेडिओचा किस्सा छोटासा आहे. लाकडी रेडिओ होता, चालू. चालतो हे दाखवायला व्हिडिओ टाकला. आमच्याकडे बटण फिरवलं की आधी गुजराती लागतं, त्यामुळे व्हिडिओत गुजराती बातम्या. कोल्हापूरच्या एका गृहस्थांनी लिलाव जिंकला, पण पैसे अडवून धरले. रद्द करतो म्हणाले. मी फोन केला, तर म्हणे, 'आम्ही गुजराती रेडिओ घेऊन काय करणार? त्याला मराठी येतं का ते आधी सांगा.'

काकांनी माझ्या हातातून फोन घेतला. 'येते ना साहेब. पण माझ्याएवढीच येते.'

पाच मिनिटांत पैसे जमा झाले.

* * *

दुकानात जागा नसली, की मोठ्या वस्तू सुनंदाच्या घरी झरीला ठेवतो. घर ऐसपैस आहे, पडवीत भाताच्या कणग्यांशेजारी आमचं सामान. तिथं एक शिसवी पेटी होती, पितळी कडीची. नागपूरच्या एका बाईंनी ती जिंकली, पैसेही लगेच भरले. मी सुनंदाला म्हटलं, उद्या येताना पेटी टेम्पोत घालून आण.

दुसऱ्या दिवशी सुनंदा हात हलवत आली.

'ताई, पेटी नाही येणार.'

'का?'

'कोंबडी बसलीय त्यात. नऊ अंडी आहेत.'

'अगं, मग उठव तिला.'

सुनंदानं माझ्याकडे असं बघितलं, की मीच खाली बसले. 'बसलेली कोंबडी उठवत नाहीत ताई. एकवीस दिवस थांबायला सांगा त्यांना.'

साइटचा नियम असा, की तीन दिवसांत वस्तू निघाली पाहिजे, नाहीतर विक्री आपोआप रद्द. शिवाय आम्हाला लाल शेरा. मी बाईंना खरं काय ते लिहिलं आणि माफी मागितली, रद्द करू का विचारलं. त्यांचं उत्तर आलं, 'रद्द अजिबात करू नका. मुदत मी वाढवून देते. फोटो पाठवा.'

मग रोज दुपारी नागपूरहून मेसेज. कोंबडीनं खाल्लं का? पाऊस तर नाही ना येत पडवीत? विसाव्या दिवशी बाईंचा थेट फोन, 'काही आवाज येतोय का आतून?' सात पिल्लं निघाली. सुनंदानं पेटी धुतली, उन्हात वाळवली, तेलपाणी करून चकाचक पाठवली.

पोचल्यावर बाईंनी तक्रार नोंदवली. मी धसकले. उघडून बघते तर लिहिलं होतं, 'वस्तू उत्तम आहे. पण इतकी साफ करून पाठवली, की एक पीससुद्धा सापडलं नाही. आता मी शेजाऱ्यांना काय दाखवू?'

सुनंदानं दुसऱ्या दिवशी तीन पिसं आणली. रजिस्टर्ड पोस्टानं पाठवली.

* * *

सगळेच खरेदीदार असे गोड नसतात. सोलापूरकडच्या एका माणसानं आमच्याकडून तांब्याचा हंडा घेतला. हातठोक्याचा, जड, लखलखीत. आठ दिवसांनी त्याची तक्रार, 'हंडा गळका आहे, फोटोतला नाहीच, पैसे परत करा.' साइट म्हणाली, वस्तू परत घ्या आणि पैसे द्या.

खोकं आलं. आत काळाकुट्ट, पोचे आलेला, खरोखरच गळका हंडा. काकांनी नुसता हात लावला आणि खुर्चीत बसले. 'बेन, हा आपला नाय.'

नाही हे आम्हाला ठाऊक होतं. साइटला कसं पटवायचं? त्या वर्षी दोन तक्रारी आमच्या विरोधात गेल्या होत्या. तिसरी गेली असती तर तीन महिने दुकान बंद, तेही ऐन दिवाळीच्या तोंडावर. काकांना जेवण गेलं नाही. मला तर रडूच येत होतं, कारण उत्तर लिहायचं होतं मला आणि लिहायला शब्द नव्हता.

सुनंदा हंडा उचलून मागच्या नळाकडे निघाली. चिंच आणि मीठ घेऊन.

'अगं, पुरावा आहे तो,' मी ओरडले.

'काळा आहे तोवर कुणाचाही म्हणतील ताई. घासला की कळेल कुणाचा ते.'

अर्ध्या तासानं तिनं हंडा टेबलावर आणून ठेवला. गळ्याशी ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरं वर आली होती. सौ. अनसूयाबाई, पुढे नवऱ्याचं नाव, आडनाव, गाव. आडनाव आणि गाव खरेदीदाराच्या पत्त्यावरचंच.

मी फोटो काढून पाठवला. एक अक्षरही लिहिलं नाही. संध्याकाळी तक्रार आमच्या बाजूनं बंद झाली.

दोन दिवसांनी फोन आला. म्हातारा, पण खणखणीत आवाज. 'मी अनसूया बोलते. माझा हंडा तुमच्याकडे आलाय म्हणे.' नातवानं मोरीतला हंडा उचलून आम्हाला पाठवला होता आणि जागेवर आमचा लखलखीत ठेवला होता. आजींनी पहिल्याच दिवशी ओळखलं.

'आहे आजी. गळती झाळून, घासून ठेवलाय. पाठवते.'

'घासला? कुणी?'

'आमच्या सुनंदानं.'

'तिचं लग्न झालंय का हो?'

'झालंय आजी. दोन मुलं आहेत.'

'अरेरे,' आजी म्हणाल्या. 'या नातवाचं अजून व्हायचंय.'

* * *

आता शेवटचा. दिनेशकाकांची बायको सरलाकाकी उधव्याच्या शाळेत शिक्षिका होत्या. तीस वर्षं पहिल्या बसनं जायच्या. त्या घराबाहेर पडल्या, की काका बाजाची पेटी काढून बसायचे आणि दुकान उघडायच्या वेळेपर्यंत गायचे. काकी रिटायर झाल्या आणि हे गाणं त्यांनी पहिल्यांदा पूर्ण ऐकलं.

महिनाभर त्यांनी सोसलं. मग म्हणाल्या, 'तीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांचा गलका ऐकला. आता मला झोपू द्या.' शब्दानं शब्द वाढला. काका म्हणाले, 'विकून टाकतो.' काकी म्हणाल्या, 'टाका.'

पेटी रिक्षातून दुकानात आली. काकांनी स्वतः फोटो काढायला लावले. लिलाव सात दिवसांचा. ते सात दिवस काका गिऱ्हाइकाशीसुद्धा धड बोलले नाहीत. बोली लागत होती. एक अगदी नवं खातं होतं. कुणीही बोली लावली, की हे खातं वर जायचं. शेवटी त्यालाच पेटी मिळाली.

लिलाव संपला त्या दुपारी काका माझ्या टेबलापाशी आले. 'वसुधाबेन, रद्द करा.'

'कारण?'

'लिहा ना काय पण. सूर बिघडला लिहा.'

मी विनंती पाठवली. दहा मिनिटांत नकार आला. 'सूर आधीपासूनच बिघडलेला आहे. मला वस्तू हवी आहे.'

काका लालबुंद झाले. 'याला काय माहीत? याने कधी ऐकली?' मग म्हणाले, 'लिहा, भाता फाटलाय.'

पुन्हा नकार. 'भाता शाबूत आहे. डाव्या बाजूला चहाचा डाग आहे, तो चालेल.'

मी खरेदीदाराचा पत्ता उघडला. आणि स्क्रीन हळूच त्यांच्याकडे वळवला. पत्त्याखाली डिलिव्हरीच्या सूचना लिहायला जागा असते. तिथं लिहिलं होतं, 'कुरिअर नको. घरी येताना घेऊन या. सकाळी साडेसातच्या आधी वाजवू नये.'

काकांनी चष्मा पुसला, दोनदा वाचलं. मग फळीवरून पेटी काढली, रुमालानं झटकली, काखेत घेतली. दुपारचे चार वाजले होते. सुनंदाला म्हणाले, शटर ओढ.

दारातून मागे वळून मला विचारलं, 'बेन, खरेदीदाराला स्टार आपण द्यायचे असतात ना?'

'हो काका. पाच देऊ?'

काकांनी जरा विचार केला.

'चार द्या,' ते म्हणाले.