ओ यायला लागणारा वेळ

वाट बघणं ज्याच्या अंगातच नाही असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो आमच्या समोरच्या दारात राहत होता. दुबई सिलिकॉन ओएसिसमधल्या आमच्या इमारतीला तीन लिफ्ट आहेत. बाकीचे लोक बटण दाबतात आणि मोबाइल बघत उभे राहतात. समोरचे भाऊ तिन्ही लिफ्टच्या मधोमध विकेटकीपरसारखे वाकून उभे राहायचे. कुठली आधी येणार याचा अंदाज बांधायचे, तिच्या दारापुढे जाऊन थांबायचे, आणि भलतीच आली की पहिलीला रागवायचे. “काल तर बरी होतीस,” असं लिफ्टला म्हणताना मी त्यांना या कानांनी ऐकलंय. माझी नात शाळेतून आली की दप्तर टाकता टाकता सांगायची, “दादी, अंकल इज टॉकिंग टू द लिफ्ट अगेन.”

ओळख झाली तीही त्यांच्या या घाईमुळेच. मी पॅसेजमध्ये नातीला मराठीतून दटावत होते. माझं वाक्य संपायच्या आत समोरचं दार उघडलं, ब्रश तोंडात धरलेला एक पन्नाशीचा माणूस बाहेर आला आणि म्हणाला, “मराठी? कुठल्या?” मी श्रीवर्धनकडची आहे हे सांगायला तोंड उघडेपर्यंत त्यांनी स्वतः मिरजेचे असल्याचं सांगून, मुलगा काय करतो हे विचारून, तो जबल अलीला बंदरात कामाला असणार हेही स्वतःच ओळखून टाकलं. मला परक्या माणसाशी चार वाक्यं सलग बोलवत नाहीत. भाऊंपुढे ती अडचण कधी आलीच नाही, कारण दुसऱ्या वाक्यापर्यंत ते कुणाला पोचूच देत नसत. दुसऱ्या दिवसापासून मी त्यांची खाला, म्हणजे मावशी, झाले आणि आमच्या घरची तांदळाची भाकरी नि माशाचं कालवण त्यांच्याकडे जाऊ लागलं.

त्यांचं काम ढगांचं होतं. म्हणजे कंपन्यांचा कारभार ज्या मशीनांवर चालतो ती मशीनं भाड्यानं घ्यायची, जोडून द्यायची, आणि भाड्यानं देणाऱ्यांपैकी कोण बरा ते सांगायचं. मला त्यांनी हे एकदा दारात उभं राहून समजावलं होतं. “खाला, क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या घरातलं कपाट. आपलं सामान त्याच्याकडे, किल्ली आपल्याकडे.”

“मग त्याला ढग का म्हणतात?”

“कपाट म्हटलं तर एवढं भाडं कोण देईल?”

तीन मोठ्या कंपन्या हे सामान भाड्यानं देतात, आणि भाऊंचा सगळा जन्म त्या तिघींची तुलना करण्यात चालला होता. त्यामुळे त्यांना प्रत्येक गोष्ट तिघांत तोलायची सवय लागली होती. खालच्या तीन टपऱ्यांवरचा कडक चहा ते ओळीनं पिऊन बघायचे आणि निकाल लागायच्या आत पहिल्याची चव विसरायचे, म्हणून परत पहिल्यापासून. लग्नाचंही तसंच झालं. ते हसत हसत सांगायचे, “तीन स्थळं एकदम आली होती, खाला. मी तक्ता केला. उंची, शिक्षण, स्वभाव, सगळं. तक्ता इतका सुंदर झाला होता. तो पूर्ण होईपर्यंत तिघींचीही लग्नं झाली. खलास.” मी हसले, पण रिकामा डबा परत घ्यायला त्यांच्या घरात गेले तेव्हा एकच ताट, एकच वाटी धुऊन पालथी घातलेली दिसली आणि ते हसू मला थोडं महाग वाटलं.

या माणसाच्या घाईला एकच जागा हळवी होती. मिरजेला त्यांची आई होती, धाकट्या बहिणीकडे. आई ऐंशीच्या पुढची, गोरीपान, कपाळावर मोठं कुंकू. रविवारी सकाळी भाऊ लॅपटॉपवर ऑफिसच्या मीटिंगचं ॲप लावून तिच्याशी बोलायचे. एकदा मी कालवण द्यायला गेले आणि चुकून त्या पडद्यात दिसले. आई माझ्याकडे बघून हसली. मी डोक्यावरची ओढणी पुढे ओढून मागे सरकले, पण भाऊंनी आईचं ते हसू टिपलं होतं. “खाला कॅमेऱ्यात आल्या की आईचा रिस्पॉन्स लवकर येतो,” असं त्यांनी जाहीर केलं, आणि मग दर रविवारी मला त्यांच्या शेजारी खुर्चीवर बसावं लागायचं. मी काही बोलायचे नाही. माझं काम नुसतं दिसण्याचं.

तर अडचण ही होती की आईचं उत्तर उशिरा यायचं. भाऊ विचारायचे, “आई, औषध घेतलंस का?” आई बघत राहायची. भाऊ दोन श्वास थांबायचे, फार तर तीन, आणि मग सुरू. “हॅलो. हॅलो, आई. आवाज येतोय का? ऐकू येतंय का?” मग पुढचा प्रश्न. “पाऊस आहे का गं तिकडे?” तेव्हा आई म्हणायची, “घेतलं.”

“बघितलंत?” भाऊ माझ्याकडे वळून म्हणायचे. “डेटाचं पॅकेट उशिरा पोचतंय.”

त्यांच्या धंद्यात हाक मारून बघायची एक पद्धत असते. इथून लांबच्या मशीनला हाक मारायची आणि तिची ओ यायला किती वेळ लागतो ते मोजायचं. तेवढ्यावरून ते मशीन कुठे ठेवावं हे ठरतं. भाऊंनी आईच्या बाबतीत तेच केलं. मिरजेचा राउटर बदलला. मुंबईत एका कंपनीचं मशीन भाड्यानं घेतलं, त्यातून आईचा फोन फिरवून आणला, हाका मारल्या, ओ मोजल्या. मग दुसरीचं घेतलं, मग तिसरीचं. बहिणीला रोज नवी वायर कुठे लावायची ते सांगायचे. ती बिचारी आईच्या मागे उभी राहून म्हणायची, “दादा, नेट चांगलंय रे. आम्ही अख्खा पिक्चर बघतो त्यावर.”

“पिक्चरचं वेगळं, उत्तराचं वेगळं. तुला नाही कळायचं,” भाऊ म्हणायचे. “आज मेमरी वाढवलीय. आता फरक पडेल बघ.”

“कुणाची?” बहीण हळूच म्हणाली.

भाऊंनी ते ऐकलं नाही. ते तोवर तिन्ही कंपन्यांचे आकडे एकमेकांशेजारी लावत होते.

बहिणीला दिसत होतं, मला दिसत होतं. माझ्या सासूबाई शेवटी अशाच बघत राहायच्या, आपण काय विचारलं ते त्यांच्यापर्यंत जायला जणू लांबचा रस्ता असावा तसं. पण हे भाऊंना सांगायचं कसं. एक तर मला बोलता येत नाही, आणि त्यांना ऐकता येत नाही. शिवाय जो माणूस आईसाठी एवढा खटाटोप करतोय त्याला, बाबा, हे मशीनचं नाही, असं कुठल्या तोंडानं म्हणणार.

एका रविवारी मी घरून चहा करून नेला. भाऊंनी विचारलं, “आई, गुडघा कसा आहे? दुखतो का?” आई बघत राहिली. भाऊंचं ‘हॅलो’ ओठावर आलं, तेवढ्यात मी कप त्यांच्या हातात दिला.

“भाऊ, चहा. गार होतोय.”

ते प्यायले. मी बशी पुढे केली, “अजून घ्या.” तोंडात चहा असताना कुणालाच हॅलो म्हणता येत नाही. पडद्यावर आई बघत होती, तिच्या डोक्यावर छताचा पंखा फिरत होता. जुना पंखा, हळू फिरणारा, एका पात्यावर डाग असलेला. तो डाग यायचा, जायचा, परत यायचा. एकदाही अडकला नाही. भाऊंनी एक घोट घेतला, दुसरा घेतला, आणि कप तसाच हातात धरून ते पंख्याकडे बघू लागले.

“दुखतो रे,” आई म्हणाली. “रात्री जास्त.”

भाऊंनी आईकडे बघून ‘येतो’ म्हणून हात हलवला, लॅपटॉप हळूच मिटला आणि ते म्हणाले, “पंखा फिरत होता, खाला.”

मी म्हटलं, “हो, भाऊ.”

“सगळा वेळ फिरत होता.”

मी कप-बशी उचलली. यापेक्षा जास्त आम्ही त्यावर कधीच बोललो नाही.

मग त्यांनी एकेक मशीन बंद केलं. बटण दाबलं की येतं, बटण दाबलं की जातं, त्याला वेळ लागत नाही. नोकरीचा राजीनामा दिला. ऑफिसचे लोक मिरजेहून काम करा म्हणत होते, पण यांनी नाही म्हटलं, का ते मला सांगितलं नाही. निघायच्या दिवशी बॅग घेऊन लिफ्टपाशी उभे राहिले ते अगदी सरळ, भिंतीला पाठ लावून. मी भाकऱ्यांचा डबा दिला आणि विचारलं, तिकीट स्वस्तात मिळालं का. म्हणाले, “माहीत नाही, खाला. पहिलं दिसलं ते काढलं.” माझ्या डोळ्यांना पाणी आलं ते तेव्हा. लिफ्ट आली, ते आत गेले, यल्ला, म्हणजे चला, म्हणाले आणि दार बंद झालं.

महिनाभरानं त्यांचा फोन आला. आवाज तोच, पण वाक्यांच्या मधे आता जागा होती. म्हणाले, “आल्या आल्या तिच्या पुढ्यात बसलो, खाला. गुडघ्याला गुडघा लागेल एवढा जवळ. विचारलं, आई, चहा घेणार का? तेवढाच वेळ लागला. मधे वायर नाही, मशीन नाही, काही नाही. तरी तेवढाच.”

“मग?”

“मग काय. थांबलो. म्हणाली, साखर कमी घाल.” ते थोडं हसले. “आता मला थांबता येतं. सकाळी विचारलेलं कधी दुपारी येतं. मी तोवर तिथेच असतो, भाजी निवडत वगैरे.”

मला जे विचारायचं होतं ते मी सहसा कुणाला विचारत नाही. त्या दिवशी विचारलं. “भाऊ, तुम्हाला ओळखलं का हो त्यांनी?”

पलीकडून काहीच आलं नाही. फोनमध्ये एक पंखा खर खर फिरत होता. लांब कुठे तरी कुकरची शिट्टी झाली, कुणीतरी गॅस बारीक केला. लाइन चालू होती.

मी हॅलो म्हटलं नाही. आवाज येतोय का, असंही विचारलं नाही. फोन कानाला धरून बसून राहिले.