मर्लचे चाळीस सापळे

ऑरिनचं बायकोवर प्रेम नव्हतं, असं अमेरिकेतल्या मेनच्या त्या बंदरात कोणीही म्हणणार नाही. ते त्याने वर्नाला सव्वीस वर्षांत एकदाही सांगितलं नाही, एवढंच. तो समुद्रात सापळे टाकून शेवंडं धरायचा आणि ती दर हिवाळ्यात स्वयंपाकघरात बसून त्या सापळ्यांच्या दोरांना बांधायचे तरंगते बोये रंगवायची. नारिंगी, मध्ये पांढरा पट्टा, अगदी सरळ. एकदा तो म्हणाला होता, "बरा आलाय." तेवढ्यावर तिने बरीच वर्षं काढली.

एका मार्चमध्ये ती बंदराच्या पलीकडे मर्लकडे राहायला गेली. मर्लही शेवंडंच धरायचा. दिसायला यथातथाच, पण बोलका.

मे महिन्यात मर्लचे निळे बोये पाण्यावर आले. त्यांच्यावर पिवळा पट्टा, तसाच सरळ. ऑरिनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बायको गेली तेव्हा ब्र न काढणाऱ्याला हा पट्टा सोसला नाही. बैल गेला नि झोपा केला म्हणतात, ते हेच.

त्या बंदरात असली भांडणं तोंडाने करत नाहीत. दुसऱ्याच्या बोयाला दोन गाठी मारून ठेवायच्या. अर्थ सगळ्यांना ठाऊक: इथून हल, नाहीतर दोर कापीन, मग सापळा राहील तळाशीच. ऑरिनने गाठी मारल्या. मर्लने मुकाट सापळे हलवले. पुन्हा मारल्या, पुन्हा हलवले. हा माणूस भांडतही नाही, याचाच ऑरिनला जास्त संताप आला. एका धुकट सकाळी त्याने चाळीस दोर कापले.

ऑक्टोबरात खवळलेल्या पाण्यात मर्ल एकटाच लोखंडी आकडा टाकून ते सापळे शोधत होता. बोट सापडली, रिकामी.

मेलेल्याचे सापळे सगळ्या बंदराने काढून त्याच्या घरी पोचवायचे, ही तिथली रीत. ऑरिनही गेला. शेवटी म्हातारा हेझन वर्नाला म्हणाला, "सगळे आले, पोरी. कापलेले तेवढे सोड. ते कुठे पडलेत, देव जाणे."

देवाखेरीज आणखी एकाला ठाऊक होतं. तीन दिवस खपून ऑरिनने चाळीसच्या चाळीस सापळे वर काढले आणि भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, धक्क्यावर रचले. आत एकमेकांना खाऊन उरलेली शेवंडं होती.

"त्याला ठाऊक होतं, तूच कापलेस," वर्ना म्हणाली. "मी म्हटलं, तक्रार कर. तर म्हणतो कसा, जाऊ दे, त्याचं आपल्यापेक्षा जास्त गेलंय."

ऑरिनने टोपी काढली. "वर्ना, माझं तुझ्यावर फार…"

"गप रे! हे घरात एकदा बोलला असतास, तर मी गेले नसते. आणि तो जिवंत असता."

त्या हिवाळ्यात ऑरिनने बोये स्वतः रंगवले. पट्टे वाकडे आले. मे महिन्यात त्याच्या एकाही बोयाला कोणी गाठ मारली नाही, आणि जाता-येता एकाही बोटीवरून कोणी त्याला हात केला नाही.