मेईची उदबत्ती, ग्रेसचं चर्च

लॉन्ड्रीतल्या चादरींचा ढीग कधी संपला नाही, नि तिथल्या किश्शांचाही. एकाची घडी घालावी तर खालून दुसरा निघतो! ऐंशी-ब्याऐंशी सालचं, सिडनीजवळचं पॅरामॅटा. आमच्या टेबलावर तिघी: मी वसईची कॅथलिक, हाँगकाँगची बौद्ध मेई, आणि तिची सून ग्रेस, नुकतीच प्रोटेस्टंट ख्रिस्ती झालेली. नवीन माणसाचा जोर तो केवढा!

*

मी शुक्रवारी मांस खात नाही, मेई चिनी महिन्याच्या पहिल्या नि पंधराव्या दिवशी. एकदा दोन्ही एकत्र आले. फिलिपिनो बायका माझ्या बाजूच्या, चिनी बायका मेईच्या. कँटीनमधल्या खिमा भरलेल्या मीट पायचा ट्रे जसाच्या तसा! सुपरवायझर धावत आला, "स्ट्राइक आहे का?"

मेई म्हणाली, "येस! ओन्ली टुडे!"

ग्रेस एकटी मीट पाय खात होती.

*

मेई माझ्या टूनगॅबीच्या घरी आली. मारियामातेला हात जोडून म्हणाली, "आमची ग्वान-यिनपण अशीच, रडणाऱ्याचं ऐकते." पुढ्यात दोन संत्री ठेवली. तेवढ्यात घराला आशीर्वाद द्यायला फादर आले. मला घाम! फादरनी प्रार्थना केली, नि बोलता बोलता एक संत्रं सोलून खाल्लं!

मेई खूश. "तुझा भिक्षू शहाणा आहे. वाहिलेलं फळ वाया घालवत नाही."

*

पण त्यांच्या घरी खटका होता. मेईचा नवरा त्याच वर्षी गेलेला. त्याच्या फोटोपुढे ग्रेस उदबत्ती लावेना, वाकेना. "आमच्या चर्चमध्ये चालत नाही, आई."

"मग नातवाच्या बाप्तिस्म्याला मी येत नाही!"

दोघी एकाच चादरीची टोकं धरायच्या, नि बोलायच्या माझ्यामार्फत. "रोझी, तिला सांग, कोपरा सरळ धर." "रोझी, आईंना सांग, धरलाय."

चिनी त्या दोघींना येतं, मला नाही. तरी निरोप्या मीच!

*

बाप्तिस्म्याच्या दिवशी मेई आली! पण चर्चच्या दारातच थांबली, नवऱ्याचा फोटो छातीशी धरून. "आधी यांना नमस्कार. मग मी आत."

सगळे मागे वळून बघायला लागले. ग्रेसचा नवरा आपले बूट बघत राहिला. ग्रेसने पास्टरकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं. मग दाराशी गेली, नि बाळाला दोन्ही हातांत धरून हळूच पुढे झुकवलं. त्याचं कपाळ फोटोच्या काचेला टेकलं. एकदा, दोनदा, तीनदा.

पास्टर खाकरले.

"पास्टर," ग्रेस म्हणाली, "याचा बाप्तिस्मा व्हायला अजून पाच मिनिटं आहेत!"