कांजण्या झालेला उमेदवार

१९६०च्या सुमारास आखातातल्या दुखानच्या तेलाच्या कॅम्पात आम्ही रत्नागिरीकडचे आठ जण एका मेसमध्ये जेवायचो. कारभार सर्वांत वडील म्हणून चाचांकडे, आणि ताटात रोज मसूर. अगदी वीट आला होता.

पन्नाशीच्या एका अमेरिकन ड्रिलरने मला सांगितलं, की त्याच्या लहानपणी तिकडे एक जण चक्क तुरुंगातून राष्ट्राध्यक्षपदासाठी उभा राहिला होता. तो हरला, पण लाखोंनी त्याला मतं दिली.

त्याच संध्याकाळी मी मेसमध्ये निवडणूक मागितली. उमेदवार म्हणून आमच्या वेल्डरचं नाव दिलं. तो कांजण्या झाल्यामुळे कोपऱ्यातल्या खोलीत बंद होता, पण चाचांना तोंडावर "मसूर आता खलास!" म्हणणारा तोच एकटा होता.

"खाटेवर पडून मेस चालवणार?" चाचा गरजले.

चाचांसकट आम्ही सातांनी डब्यात चिठ्ठ्या टाकल्या. सातही चिठ्ठ्यांवर वेल्डरचंच नाव निघालं. चाचांच्याही.